हायब्रिड की प्लग-इन हायब्रिड: कुटुंबासाठी एसयूव्ही कशी निवडावी

कुटुंबासाठी मोठी गाडी घ्यायची आहे, पेट्रोलचा खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, पण पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीबद्दल मनाची तयारी अजून झालेली नाही, अशा ग्राहकापुढे शोरूममध्ये हमखास दोन पर्याय येतात. एक साधी हायब्रिड आणि दुसरी प्लग-इन हायब्रिड. बाहेरून पाहता दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. एकीला चार्जिंगसाठी एक जादा झाकण असते आणि तिची किंमत वरच्या ओळीत लिहिलेली असते, इतकेच. विक्रेता बहुधा प्लग-इनची ताकद वाखाणतो आणि हायब्रिड वापरणारे नातेवाईक आपल्या गाडीचे मायलेज सांगतात. दोघेही खोटे बोलत नसतात, तरीही त्यांच्या सांगण्यावरून निर्णय घेऊ नये, कारण गाडी रात्री कुठे उभी राहते आणि एका दिवसात किती धावते या दोन गोष्टींवर या प्रश्नाचे जवळजवळ सगळे उत्तर अवलंबून असते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत आणि शोरूमला जाण्याची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

पायरी १: दोन्ही गाड्या कशा चालतात हे समजून घ्या

साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन, विद्युत मोटार आणि एक लहान बॅटरी असते. या बॅटरीत साधारण १ ते २ युनिट वीज मावते. (वीजबिलावरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास, या लेखात सगळीकडे युनिट हाच शब्द वापरला आहे.) ही गाडी बाहेरून चार्ज करता येत नाही. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा मोटार विजेत बदलून बॅटरीत टाकते, आणि इंजिनावर कमी भार असेल तेव्हा त्याचीही थोडी ताकद बॅटरी भरण्याकडे वळवली जाते. हीच वीज पुढे गाडी सुटताना, रांगेत सरकताना आणि चढावर इंजिनाला हात देताना खर्च होते. म्हणजे या गाडीतली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते. ती कमी वाया जाते, एवढेच तिच्या बचतीचे रहस्य आहे. सिग्नलला इंजिन बंद राहते, आणि चालू असते तेव्हा शक्यतो त्याला मानवणाऱ्या वेगाने व भाराने चालवले जाते. त्यामुळे ही बचत शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत सर्वाधिक दिसते आणि एकसारख्या वेगाच्या महामार्गावर बरीच कमी होते. हे तंत्र आता जुने आणि पारखलेले आहे: टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि फोर्डने २००४ मध्ये एस्केप ही हायब्रिड एसयूव्ही बाजारात आणली.

प्लग-इन हायब्रिडमध्येही इंजिन आणि मोटार असतेच, पण बॅटरी दहापट किंवा त्याहून मोठी असते. ह्युंदाई टक्सनच्या प्लग-इन आवृत्तीत ती १३.८ युनिटची होती, टोयोटा आरएव्ही-४ च्या पाचव्या पिढीत १८.१ युनिटची, तर मित्सुबिशी आउटलँडरच्या २०२१ नंतरच्या पिढीत सुमारे २० युनिटची. ही बॅटरी सॉकेटला केबल जोडून भरायची असते. भरलेली असताना गाडी काही अंतर केवळ विजेवर जाते, आणि वीज ठरावीक पातळीच्या खाली आली की साध्या हायब्रिडसारखी चालू लागते. ‘बॅटरी संपली’ असे बोलण्यात येत असले तरी ती पूर्ण रिकामी होत नाही. ब्रेकची ऊर्जा साठवण्यासाठी आणि मोटारीला चालना देण्यासाठी तिचा एक हिस्सा नेहमी राखून ठेवलेला असतो. म्हणूनच वाटेत वीज संपून अडकण्याची भीती येथे नाही.

एका तुलनेने दोन्हींमधले नाते चांगले लक्षात येते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे १८ युनिटची एवढी जड आणि महाग बॅटरी ऊर्जेच्या हिशोबाने जेमतेम दोन लिटर पेट्रोलइतकी भरते. तरीही तेवढ्या विजेत गाडी साठ-सत्तर किलोमीटर जाते, कारण पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा इंजिनात उष्णता होऊन जाते, तर मोटार मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोहोचवते. प्लग-इनचा सगळा फायदा या दोन लिटरांच्या भांड्यात आहे. ते भांडे रोज भरले तर मोलाचे, न भरले तर नुसते ओझे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पाठीमागच्या दारावर ‘हायब्रिड’ अशी पट्टी असली म्हणजे गाडी वरच्या अर्थाने हायब्रिड असतेच असे नाही. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी माइल्ड हायब्रिड यंत्रणा इंजिनाला थोडी मदत करते आणि ते हलकेच बंद-चालू करते, पण सहसा केवळ विजेवर गाडी चालवत नाही, आणि तिची बचतही त्याच मानाने थोडी असते. ‘ही गाडी इंजिन बंद ठेवून फक्त मोटारीवर जागची हलते का?’ हा एकच प्रश्न विचारला की उलगडा होतो.

पायरी २: रात्रीची जागा आणि सॉकेट तपासा

गाडीची माहितीपत्रके उघडण्याआधी गाडी जिथे रोज उभी राहणार आहे त्या जागी जाऊन उभे राहावे. हाताच्या अंतरावर सॉकेट आहे का? नसल्यास तिथपर्यंत स्वतंत्र वायर आणता येईल का? जागा सामायिक किंवा भाड्याची असल्यास परवानगी मिळेल का, आणि वीज कोणाच्या मीटरवर पडेल? या प्रश्नांची उत्तरे तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. ‘होऊन जाईल’ या शब्दांवर विसंबून प्लग-इन घेणाऱ्यांची केबल पुढे वर्षानुवर्षे डिकीत पडून राहते.

सॉकेट असेल तर किती वेळ लागेल याचा हिशोब सोपा आहे. २३० व्होल्टच्या सॉकेटमधून १० अँपियर घेतले तर २.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे तासाला सव्वादोन युनिटांच्या आसपास. साठ-सत्तर किलोमीटरसाठी भिंतीतून सुमारे १५ युनिट घ्यावे लागतात, चार्जिंग करताना उष्णतेत जाणारी वीज यात धरली आहे, आणि बॅटरीचा राखीव हिस्सा पुन्हा भरावा लागत नाही. याचा अर्थ सात तासांच्या आसपास गाडी भरते. रात्री जेवणाआधी केबल लावली तर सकाळी निघताना ती तयार असते. १२० व्होल्टचा पुरवठा असलेल्या देशांत हीच वेळ अकरा-बारा तासांवर जाते, जी काही कुटुंबांना पुरते आणि काहींना नाही.

या गाडीसाठी भिंतीवरचा मोठा चार्जर बसवण्याची घाई करू नये. गाडीच्या आत एक चार्जर असतो आणि वेग त्याच्या मर्यादेवर ठरतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७ किलोवॉटचे उपकरण लावूनही काही फरक पडत नाही. बहुतेक प्लग-इन गाड्यांना रस्त्याकडेच्या जलद चार्जरचा उपयोगही करता येत नाही (आउटलँडरसारखे अपवाद आहेत), आणि करता आला तरी पन्नास किलोमीटरच्या विजेसाठी वाटेत थांबणे फारसे शहाणपणाचे नाही. खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या वायरिंगवर करावा. रोज सहा-सात तास सलग वीज ओढणारे उपकरण घरात दुसरे क्वचितच असते, त्यामुळे जुनाट सॉकेट तापून वितळण्याचा धोका खरा असतो. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, गाडीसाठी वेगळी वायर आणि गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच बसवावा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नये.

घरी किंवा कामाच्या ठिकाणी रोज खात्रीने चार्जिंग होणार नसेल, तर माझ्या मते निवड येथेच संपली: साधी हायब्रिड घ्यावी. सार्वजनिक चार्जरवर आठवड्यातून दोनदा जाऊन प्लग-इन वापरू, असा बेत अनेक जण उत्साहाने आखतात. पहिल्या दोन महिन्यांत तो पाळलाही जातो, पण ज्या गाडीचे विजेवाचून काहीच अडत नाही, तिच्यासाठी असे हेलपाटे माणूस फार काळ घालत नाही. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदवलेल्या गाड्यांच्या आतील यंत्रांनी टिपलेला इंधनाचा वापर तपासून २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्षातले कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले, तर साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत २० टक्क्यांच्या आसपास होती. यंत्रणा सदोष आहे असा याचा अर्थ नाही. प्रयोगशाळेत गृहीत धरले होते त्यापेक्षा लोक चार्जिंग फार कमी करत होते.

पायरी ३: दोन आठवडे वही ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती गाळतात, आणि तीच सर्वांत उपयोगाची आहे. सध्याच्या गाडीचा ओडोमीटर रोज सकाळी आणि रात्री वाचून आकडा लिहून ठेवावा. शाळा, कार्यालय, बाजार, शिकवणी अशा कुठल्या फेऱ्या झाल्या आणि मधल्या वेळेत गाडी कुठे किती तास उभी होती, तेही टिपावे. सुट्टीतले लांबचे प्रवास या दोन आठवड्यांत येणार नाहीत, म्हणून गेल्या वर्षभरातले तसे प्रवास आठवून वेगळ्या पानावर लिहावेत.

वही हातात आल्यावर पहिला मोह सरासरी काढण्याचा होतो आणि तिथेच चूक होते. दोन कुटुंबे घेऊ. दोघांची गाडी आठवड्याला ३४३ किलोमीटर, म्हणजे सरासरीने दिवसाला ४९ किलोमीटर चालते. पहिल्या घरची गाडी खरोखरच रोज ४९ किलोमीटर जाते. दुसऱ्या घरची गाडी सहा दिवस २० किलोमीटर फिरते आणि सातव्या दिवशी गावी जाऊन येण्यात २२३ किलोमीटर कापते. दोघांनीही विजेवर ५५ किलोमीटर जाणारी प्लग-इन घेतली आणि रोज रात्री भरली, तर पहिले कुटुंब पूर्ण आठवडा पेट्रोलविना काढते. दुसऱ्या कुटुंबाचे सहा दिवसांचे १२० आणि सातव्या दिवसाचे ५५ असे १७५ किलोमीटरच विजेवर होतात, म्हणजे निम्म्याच्या किंचित वर. सरासरी तीच, गाडी तीच, आणि पेट्रोलचा खर्च मात्र एकाच्या घरी शून्य.

तेव्हा वहीतला प्रत्येक दिवस स्वतंत्र घ्यावा. त्या दिवसाचे अंतर विजेच्या पल्ल्यापेक्षा कमी असेल तर ते सगळे विजेच्या रकान्यात लिहावे. जास्त असेल तर पल्ल्याइतके विजेच्या आणि उरलेले पेट्रोलच्या रकान्यात लिहावे. दुपारी कार्यालयात चार्जिंगची सोय असेल तर त्या दिवसाला दोन पल्ले मिळतात. दोन्ही रकान्यांची बेरीज केली की आपल्या घरचा खरा विजेचा वाटा हाती येतो. हा वाटा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

पायरी ४: छापील पल्ल्यावर कात्री चालवा

वरच्या हिशोबात विजेचा पल्ला किती धरायचा? आरएव्ही-४ च्या पाचव्या पिढीतल्या प्लग-इनचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत तिचा पल्ला ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर ठरला. युरोपच्या चाचणीत ७५ किलोमीटर. आणि जपानच्या चाचणीत ९५ किलोमीटर. १८.१ युनिटची बॅटरी तीच, बदलली ती फक्त मोजण्याची पद्धत. म्हणून आकडा ऐकताना तो कोणत्या चाचणीचा आहे हे आधी विचारावे, आणि दोन गाड्यांची तुलना एकाच चाचणीच्या आकड्यांनी करावी.

त्यानंतरही कात्री लागतेच. वेगवान महामार्गावर हवेचा अडथळा वाढतो आणि पल्ला घटतो. कडाक्याच्या थंडीत बॅटरी आळसावते आणि शिवाय आतली हवा तापवायला वीज लागते, त्यामुळे पल्ल्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गळू शकतो. काही प्लग-इन गाड्यांत तर हीटर लावताच इंजिन चालू होते, कारण आत उष्णता देण्यासाठी त्यांच्याकडे वेगळी सोय नसते. काहींत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारे विजेवरचे यंत्र) असतो आणि इंजिनाला हात लावावा लागत नाही. थंड हवेत राहणाऱ्याने हा प्रश्न खरेदीपूर्वी नक्की विचारावा. वर्षांगणिक बॅटरीची क्षमता थोडी घटते, तेही धरावे. मी स्वतः युरोपच्या आकड्यातून पाव भाग वजा करून हिशोब मांडतो. निराशा होण्यापेक्षा तो बरा.

पायरी ५: खर्चाचा हिशोब

येथे किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या ठिकाणानुसार आणि महिन्यागणिक बदलतात; पण हिशोबाची रीत सगळीकडे एकच आहे. कुटुंबाची मध्यम आकाराची हायब्रिड एसयूव्ही लिटरला साधारण १७ किलोमीटर जाते, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे ६ लिटर. तेवढेच अंतर प्लग-इन विजेवर गेली तर भिंतीतून २२ ते २३ युनिट लागतात. यावरून एक सोपी खूण मिळते: एक लिटर पेट्रोलच्या किमतीत तुम्हाला चारहून अधिक युनिट वीज मिळत असेल, तरच विजेवर चालणे स्वस्त. घरच्या दराने बहुधा ही अट सहज पुरी होते. सार्वजनिक चार्जरच्या चढ्या दराने पुष्कळदा होत नाही. रात्रीच्या विजेला वेगळा सवलतीचा दर असेल तर तो धरावा.

आता वर्षाचे चित्र पाहू. एक कुटुंब आठवड्याला २५५ किलोमीटर जवळपासच फिरते आणि दर महिन्याला ४०० किलोमीटरचा एक प्रवास करते. वर्षाचे अंतर सुमारे १८,००० किलोमीटर. साधी हायब्रिड घेतली तर वर्षाला साधारण १,०६० लिटर पेट्रोल लागेल. प्लग-इन (पल्ला वरच्यासारखाच ५५ किलोमीटर) घेऊन रोज रात्री चार्ज केली तर सुमारे १३,९०० किलोमीटर विजेवर आणि ४,१०० किलोमीटर पेट्रोलवर होतील. जड गाडी पेट्रोलवर लिटरला १६ किलोमीटर जाते असे धरल्यास २६० लिटर पेट्रोल आणि ३,२०० युनिट वीज लागेल. म्हणजे ८०० लिटर पेट्रोल वाचवण्यासाठी ३,२०० युनिट विजेचे पैसे मोजायचे. हीच गाडी कधीच चार्ज केली नाही, तर मात्र १,१३० लिटरांच्या आसपास पेट्रोल लागेल, म्हणजे स्वस्तातल्या साध्या हायब्रिडपेक्षाही जास्त. महाग गाडी घेऊन इंधनही जास्त जाळण्याचा हा प्रकार कल्पनेतला नाही. वर सांगितलेल्या युरोपीय अहवालामागे अशाच गाड्या आहेत.

वाचलेल्या पेट्रोलच्या किमतीतून विजेचा खर्च वजा केला की वर्षाची बचत मिळते. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक, वायरिंगचा खर्च आणि विम्याचा जादा हप्ता यांची बेरीज करावी, त्यातून सरकारी अनुदान किंवा करसवलत मिळत असल्यास वजा करावी, आणि उरलेल्या रकमेला वर्षाच्या बचतीने भागावे. जो आकडा येईल तितक्या वर्षांनी प्लग-इन आपले पैसे फेडेल. गाडी किती वर्षे ठेवणार आहोत याचे प्रामाणिक उत्तर त्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर पैशाच्या बाजूने साधी हायब्रिड जिंकली. सवलतींचे नियम बदलत राहतात, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी लागू असलेला नियम लेखी पाहावा. गेल्या वर्षीच्या सवलतीवर हिशोब मांडू नये.

पायरी ६: कुटुंब घेऊन शोरूमला जा

वही आणि हिशोब झाल्यावरच शोरूमची पायरी चढावी, आणि शक्यतो घरातली सगळी माणसे, मुलाचे आसन आणि प्रवासातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्यावी. मोठी बॅटरी कुठेतरी बसवावीच लागते. काही गाड्यांत ती जमिनीखाली नीट मावते, काहींत डिकीचा तळ उंच होतो, काहींत पेट्रोलची टाकी लहान होते, आणि स्टेपनीच्या जागी पंक्चर दुरुस्तीचा संच हाती पडतो. सात आसनांची गाडी हवी असेल तर तिसरी रांग प्लग-इन आवृत्तीतही मिळते का हे पाहावे, कारण काही मॉडेलांत ती फक्त हायब्रिडलाच असते. चार्जिंगची केबल कुठे ठेवायची हेही पाहावे. ओली, मळलेली केबल बाळाच्या सामानावर टाकावी लागणे हा रोजचा वैताग ठरतो.

वजनाचा फरक थोडाथोडका नसतो. आरएव्ही-४ च्या दोन आवृत्त्यांमध्ये तो सुमारे २४० किलो होता, म्हणजे तीन धडधाकट माणसे कायमची गाडीत बसवल्यासारखे. त्याच वेळी प्लग-इनची ताकद ३०२ अश्वशक्ती आणि हायब्रिडची २१९ होती, त्यामुळे ओव्हरटेक करताना प्लग-इन चपळ वाटते. ही चपळाई मोहात पाडते हे मान्य करून पुढे जावे. गाडीची कमाल भारक्षमता मात्र कागदावर वाचावी. बॅटरीच्या वजनाने माणसे आणि सामान यांच्यासाठी उरणारे किलो काही मॉडेलांत कमी होतात.

चाचणीसाठी गाडी घेताना दोन फेऱ्या मागाव्यात: एक बॅटरी भरलेली असताना आणि एक ती राखीव पातळीवर आलेली असताना. विक्रेते पहिली फेरी आनंदाने देतात. दुसरी आग्रहाने मागावी लागते, आणि गाडीचा खरा स्वभाव तीच सांगते. शक्य असल्यास लांब चढ निवडावा. काही हायब्रिड यंत्रणांत नेहमीसारखे गिअर नसतात, त्यामुळे जोर लावल्यावर इंजिन एकाच चढ्या सुरात गुरगुरत राहते; काहींत सहा गिअरचा ऑटोमॅटिक असतो आणि चालवताना सवयीचे वाटते. हा आवाज कोणाला खुपतो, कोणाला ऐकूही येत नाही, म्हणून तो आपल्याच कानांनी पारखावा. ब्रेकवर पाय हलका ठेवून गाडी थांबवून पाहावी. मोटारीचा अटकाव संपून खरे ब्रेक लागतात तो क्षण काही गाड्यांत जाणवतो. मागच्या आसनावर बसून एक फेरी करावी, कारण जड गाडीच्या कडक स्प्रिंगचा हिसका तिथे बसणाऱ्यांना कळतो.

डोंगराळ भागात राहणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. साध्या हायब्रिडची लहान बॅटरी लांब उतारावर लवकर भरते, आणि पुढचा उतार ब्रेक व इंजिन यांच्यावरच उतरावा लागतो. प्लग-इनच्या बॅटरीत उताराची ऊर्जा साठवायला भरपूर जागा असते, पण घर माथ्यावर असून तुम्ही रात्री ती काठोकाठ भरली असेल, तर सकाळच्या उतारावर तिच्यातही जागा उरत नाही. अशा घरी चार्जिंग थोडे आधी थांबवण्याची सोय असलेले मॉडेल निवडावे.

पायरी ७: देखभाल आणि हमी

दोन्ही गाड्यांत इंजिन आहे, म्हणून तेल, फिल्टर आणि नियमित सर्व्हिसिंग दोन्हींना लागते. प्लग-इन घेतली म्हणजे गॅरेजची वाट विसरता येईल हा समज चुकीचा आहे. इंजिन फारसे चालले नाही तरी तेल ठरावीक महिन्यांनी बदलावे लागते. महिनोन्‌महिने विजेवरच फिरणाऱ्यांनी टाकी भरून ठेवू नये, कारण पेट्रोल शिळे होते. शेव्रोले व्होल्ट या जुन्या प्लग-इनमध्ये तर पेट्रोल साधारण वर्षभर पडून राहिले की गाडी आपणहून इंजिन चालवून ते संपवायला लागे. ब्रेक मोटारीमुळे कमी झिजतात, पण कमी वापरल्यामुळे डिस्कवर गंज धरू शकतो आणि कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग) अडकू शकतो, म्हणून ते वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावेत. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड करणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. ती जाळी पांघरुणाने किंवा बॅगेने झाकू नये आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर जाळीत अडकलेले केस वेळोवेळी काढावेत. या क्षुल्लक गोष्टीने महागड्या बॅटरीचे आयुष्य कमी होऊ शकते.

मोठ्या बॅटरीची हमी अनेक उत्पादक ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी देतात. हमीच्या कागदात दोन ओळी शोधाव्यात: क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, आणि गाडी विकल्यास हमी पुढच्या मालकाला मिळेल का.

वापरलेली प्लग-इन घेत असाल तर चार्जिंगची केबल प्रथम मागावी. ती वेष्टनातच असेल तर गाडी बहुधा आयुष्यभर पेट्रोलवर चालली आहे. बॅटरी कदाचित उत्तम असेल, पण इंजिनाची तपासणी कसून करावी. बॅटरीच्या क्षमतेचा अहवाल अधिकृत सर्व्हिस केंद्रातून काढून घ्यावा, गाडी स्वतः एकदा पूर्ण चार्ज करून विजेवर किती जाते ते मोजावे, आणि उत्पादकाने ते मॉडेल दुरुस्तीसाठी परत मागवले होते का हे गाडीच्या चासी क्रमांकावरून तपासावे. २०२० मध्ये फोर्डने कुगा प्लग-इन बॅटरी तापून आग लागण्याच्या शक्यतेमुळे परत मागवली होती आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्जिंग न करण्यास मालकांना सांगितले होते. असे काम झालेल्या गाडीचा कागद मालकाकडे असायला हवा.

पायरी ८: अजूनही पारडे हलत असेल तर

वहीनुसार विजेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर आणि सॉकेट हक्काचे, तर प्लग-इन घेताना फार विचार करू नये. वाटा ४० टक्क्यांच्या खाली असेल, तर ताकदीचा किंवा शांततेचा हौसेने वेगळा मोबदला देत आहोत हे मान्य असेल तरच ती घ्यावी. मधल्या पट्ट्यातल्या कुटुंबांनी घरातल्या सवयींकडे पाहावे. फोन रात्री न चुकता चार्जिंगला लावणारा माणूसच गाडी चालवणार आहे, की उतरताना किल्ली कुठे ठेवली हेही न आठवणारा? गाडी दोघे-तिघे चालवत असतील तर केबल लावण्याचे काम कोणाचे, हे आधी ठरवावे; ‘जो शेवटी घरी येईल तो’ हा नियम साधा आहे आणि टिकतो.

घर दोन-तीन वर्षांत बदलणार असेल आणि नव्या जागी सॉकेट मिळेल की नाही हे माहीत नसेल, तर आजच्या सोयीवर प्लग-इन घेण्यापेक्षा हायब्रिड घेऊन ते वर्ष येऊ द्यावे. याच्या उलट, सॉकेटची परवानगी लेखी मिळाली असून फक्त वायर ओढायची राहिली असेल, तर गाडीची मागणी नोंदवण्याआधी ते काम पूर्ण करून घ्यावे, आणि गाडी ताब्यात घेताना केबल पुरेशी लांब आहे का हे त्याच जागी गाडी उभी करून एकदा लावून पाहावे.